प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ३६ वर्षांचे, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. गेल्या पावणेदोन वर्षांत त्यांचा डोळा पाच वेळा लाल झाला. कधी उजवा, कधी डावा. पहिल्या दोन खेपांना ‘फवारणीचं औषध उडालं असेल’, ‘डोळे आले असतील’ असं समजून मेडिकलमधून थेंब आणले. तिसऱ्या खेपेला नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांनी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतल्या थराला सूज) असं निदान केलं. रक्तात एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण पॉझिटिव्ह निघाली. थेंबांनी दरवेळी आराम पडतो. लाली गेली की पत्रलेखक थेंब बंद करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटच्या खेपेला डोळ्याच्या मागच्या पडद्यालाही (रेटिनालाही) सूज होती. आता डॉक्टर म्हणतात, तुमची प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटली आहे. ती आवरायला गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करू. घरात मात्र वहिनी रोज सकाळी गुळवेलीचा काढा हातात देतात, ‘प्रतिकारशक्ती वाढली की सगळं पळून जाईल’ म्हणून. पत्रलेखक विचारतात: ‘मला वर्षभरात साधी सर्दी होत नाही. मग माझी प्रतिकारशक्ती बिघडलेली कशी? शरीर स्वतःच्याच डोळ्यावर का उलटतं? आणि ती दाबली, उद्या कोरोनासारखं काही आलं, तर? माझी मुलगी ४ वर्षांची आहे, तिलाही हे होईल का?’ जाता जाता त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. ट्रॅक्टरमुळे पहाटे कंबर आखडते. आणि उरलेली थेंबांची बाटली चुलतभावाला दिली, त्याचाही डोळा लाल होता, त्याला ‘एका दिवसात फरक पडला’.

तुमचं पत्र वाचून मला तुमच्याआधी तुमच्या चुलतभावाची काळजी वाटली. त्याच्याकडे शेवटी येते, पण तुम्ही घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद आधी वाचा.

तुमच्या आजाराचं नाव तुमच्याच बागेतलं आहे. लॅटिनमध्ये ‘उवा’ म्हणजे द्राक्ष (आपल्या डोक्यातल्या उवांशी संबंध नाही). जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी डोळ्याचं पांढरं कवच सोलून काढलं तेव्हा आत काळसर, गोल, देठापाशी भोक असलेलं काहीतरी दिसलं, थेट काळ्या द्राक्षाच्या मण्यासारखं. त्या थराला युव्हिआ हे नाव पडलं. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्याच्या मागचा डोळ्यातलं पाणी तयार करणारा भाग आणि रेटिनाखालचं रक्तवाहिन्यांचं जाळं, असे तिन्ही मिळून युव्हिआ होतो. डोळ्याला लागणारं बरंचसं रक्त इथूनच येतं, आणि रक्ताबरोबर प्रतिकारशक्तीच्या पेशीही इथूनच येतात. म्हणून भांडण पेटतं ते इथे.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘साधी सर्दी होत नाही’ हे तुम्ही पुराव्यासारखं मांडलंय. त्यामागे असं गृहीत धरलंय की प्रतिकारशक्ती ही शेततळ्यासारखी असते: भरलेलं असलं की चांगलं, आटलं की आजार. कोविडनंतर हे गृहीतक घरोघरी पक्कं झालं आणि त्यावर पुष्कळ बाटल्याही विकल्या गेल्या. पण प्रतिकारशक्ती म्हणजे शेकडो तऱ्हांच्या पेशी आणि द्रव्यं. त्यातली काही हल्ला करणारी, काही हल्ला थांबवणारी. दोन्ही कामावर असली तर माणूस निरोगी. तुमच्याकडे हल्ला करणाऱ्यांची कमी नाही, थांबवणारे मात्र डोळ्याच्या बाबतीत कमी पडताहेत. सर्दी न होणं आणि डोळा पेटणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

तुमचे डॉक्टर हनुवटी टेकवायला लावून ज्या यंत्रातून बघतात, त्या स्लिट लॅम्पमधून त्यांना काय दिसतं ते सांगते. लहानपणी कौलाच्या फटीतून येणारा कवडसा आठवतो? त्यात धुळीचे कण तरंगताना दिसायचे, बाकी खोलीत दिसायचे नाहीत. आम्ही तसाच एक बारीक कवडसा डोळ्यात तिरपा सोडतो. निरोगी डोळ्यात कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) आणि रंगीत पडदा यांच्यामधलं पाणी काळंभोर, रिकामं दिसतं. तुमच्या डोळ्यात त्या कवडशात पांढरे ठिपके हळूहळू वर-खाली फिरत असणार. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पांढरी पेशी, जिचं तिथे काही काम नव्हतं. एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरच्या कवडशात किती ठिपके दिसतात ते मोजून आम्ही तुमच्या कागदावर ‘१+’, ‘२+’ असं लिहितो. ते आकडे चष्म्याच्या नंबरचे नसतात, हे ठिपक्यांचं मोजमाप असतं. मुद्दा असा की डोळ्याची लाली जाते तेव्हा हे ठिपके गेलेले असतातच असं नाही. आरशात दिसते ती लाली, ठिपके दिसतात ते फक्त स्लिट लॅम्पवर. लाली जाताच तुम्ही थेंब बंद करत होता आणि आग आतून धुमसत राहत होती. तुमच्या पाच खेपांपैकी काही खेपा मुळात वेगळ्या नसतील, एकच अर्धवट विझलेली खेप असेल, अशी मला दाट शंका आहे.

‘शरीर स्वतःच्याच डोळ्यावर का उलटतं?’ असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं याच्या उलट प्रश्न आधी विचारायला हवा: एरवी ते उलटत कसं नाही?

१९०५ च्या ७ डिसेंबरला आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावात एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी एका मजुराच्या डोळ्यांवर दुसऱ्याचा कॉर्निया बसवला. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. कॉर्निया मिळाला एका ११ वर्षांच्या मुलाकडून. इजेमुळे त्याचा डोळा काढावा लागला होता. एका डोळ्यातलं रोपण टिकलं आणि त्या मजुराला दिसू लागलं. तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नव्हती. दुसऱ्याची किडनी तशी बसवली असती तर शरीराने ती फेकून दिली असती, कॉर्निया मात्र राहिला. आजही नेत्रदानात रक्तगट जुळवावा लागत नाही.

हे कोडं उलगडायला सुरुवात झाली १९४८ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांवर दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही याचा शोध घेणाऱ्या पीटर मेडावार यांनी सशांच्या डोळ्यातल्या त्या पाण्यात परक्या सशाच्या त्वचेचा तुकडा ठेवून पाहिला. एरवी नाकारला जाणारा तुकडा तिथे तग धरून राहिला, जोवर त्याच्यापर्यंत रक्तवाहिन्या पोचल्या नाहीत तोवर. डोळा हा प्रतिकारशक्तीने हात आखडता घेण्याचा भाग आहे ही कल्पना तिथून रुजली. मेडावार यांना पुढे १९६० साली नोबेल मिळालं.

डोळ्याला ही सवलत का? कारण त्याला जखम परवडत नाही. पायाला काटा लागला, पू झाला, व्रण राहिला, तरी पाय चालतो. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यावर व्रण राहिला की काचेवर चुना फासल्यासारखं. रेटिनातल्या पेशी तर मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून डोळ्याने स्वतःभोवती बरीच तजवीज केलेली असते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीतच. रेटिनाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट शिवलेल्या की पेशी सहज बाहेर झिरपत नाही. आतल्या पाण्यात हल्लेखोर पेशींना थंड करणारी द्रव्यं असतात. तरीही एखादी चवताळलेली पेशी शिरलीच तर डोळ्याच्या पेशी तिला एक खूण करतात, आणि ती खूण मिळाली की शिरलेली पेशी स्वतःच मरते. बाहेरच्या वेशीवर मात्र डोळा चांगला जागरूक असतो. अश्रूंमध्ये जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये जगासमोर आणलं. त्यासाठी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा केले, असं सांगतात. (घरी करून बघू नका. आणि मध, दूध, गुलाबपाणीही डोळ्यात घालू नका. त्या अश्रूंइतकं निर्जंतुक तुमच्या स्वयंपाकघरात काही नाही.)

या सवलतीची एक किंमत आहे, आणि तुमच्या धंद्यात ती माहीत असायला हवी. डोळ्याच्या आतला ऐवज बाकी शरीरापासून इतका झाकलेला असतो की तो अचानक उघडा पडला तर प्रतिकारशक्तीला तो परका वाटू शकतो. फ्रान्समधल्या कूव्रे गावात खोगिरं शिवणाऱ्या बापाच्या कारखान्यात खेळताना ३ वर्षांच्या लुई ब्रेलच्या एका डोळ्यात आरी घुसली. काही काळाने न लागलेला दुसरा डोळाही गेला, आणि पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्ण अंध झाला. ब्रेल लिपी तयार करणारा तो हाच. फुटलेल्या डोळ्यातला ऐवज ‘ओळखून’ प्रतिकारशक्तीने दुसऱ्या डोळ्यावर हल्ला केला असावा, असं आजचे अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. हा प्रकार विरळा आहे, पण द्राक्षाच्या मंडपाची तार ताणताना सुटून डोळ्यात घुसते तेव्हा मला ब्रेल आठवतो. अशी आरपार जखम झाली तर डोळा चोळू नका, धुऊ नका, वरून कप किंवा वाटी ठेवून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या नेत्ररुग्णालयात जा. पुढचं वर्षभर, किंबहुना नंतरही, चांगला डोळा लाल झाला, धूसर झाला तर त्याच दिवशी दाखवा. तार ताणताना आणि फवारणी करताना गॉगल घाला. फवारणीचं औषध डोळ्यात गेलंच तर तिथेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, मग गाडी काढा. मात्र फवारणीमुळे तुमचा युव्हिआयटिस झालेला नाही. तो आळ सोडून द्या.

मग कशामुळे? एचएलए-बी२७ या भानगडीचं उत्तर तुम्हाला तुमच्या भाषेत देता येईल. युरोपला माल पाठवताना रेसिड्यू, म्हणजे फवारणीचे उरलेले अंश, तपासायला नमुना द्यावा लागतो ना? तसं शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे नमुन्यादाखल सतत बाहेर मांडत असते. तपासनीस असतात टी-पेशी. नमुना ज्या ताटलीत मांडला जातो ती ताटली म्हणजे एचएलए, आणि तिचे असंख्य साचे आहेत. तुमच्या वाट्याला बी२७ हा साचा आला. या ताटलीत मांडलेले काही नमुने तपासनीसांना उगाच संशयास्पद वाटतात, असं एक स्पष्टीकरण आहे. डोळ्याच्या पुढच्या भागाला अचानक येणाऱ्या युव्हिआयटिसच्या साधारण निम्म्या रुग्णांत हा साचा सापडतो. पण हा साचा असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर काहीही होत नाही.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल. तुमच्याकडून तो साचा तिच्याकडे जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी. गेला असला तरी आजार होईलच असं नाही, न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. आत्ता तिचं रक्त तपासून हाती काही लागणार नाही, फक्त घरात एक काळजी वाढेल. तपासू नका. पुढे कधी तिचा डोळा उजेडात दुखला, सांधा सुजला, तर डॉक्टरांना ‘वडिलांना बी२७ आहे’ एवढं सांगा.

आता थोडं रागावते. चालेल ना?

तुम्हाला दोन प्रकारचे थेंब दिले होते. एक दुधासारखे पांढरे, स्टिरॉइडचे. दुसरे बाहुली मोठी करणारे. दुसऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘त्याने अंधुक दिसतं, गाडी चालवता येत नाही म्हणून ते मी घालत नव्हतो’. डोळा आतून सुजला की रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, चिकी लागलेल्या दोन पानांसारखा. तो चिकटला की बाहुली गोल राहत नाही, कातरल्यासारखी दिसते. सगळीकडून चिकटला की पाण्याची वाट बंद होते आणि डोळ्याचा दाब वाढतो, म्हणजे काचबिंदू. ते न आवडणारे थेंब बाहुली हलती ठेवतात आणि ठणकाही कमी करतात. ते चुकवू नका. तेवढे दिवस मोटारसायकल दुसऱ्याच्या हातात द्या.

पांढरे थेंब घालण्याआधी बाटली नीट हलवा, औषध तळाशी बसतं. दोन औषधांत पाच मिनिटं अंतर ठेवा. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा, नाहीतर औषध घशात उतरतं. बाटली उघडली की महिन्याने टाकून द्या. आणि मुख्य म्हणजे हे थेंब एकदम बंद करायचे नसतात. दिवसाला आठचे सहा, सहाचे चार असे उतरवत आणायचे असतात, कागदावर लिहून दिलेल्या तारखांप्रमाणे. उतरवण्याचा तक्ता फ्रिजला चिकटवा. शेवटचा थेंब कधी थांबवायचा हे स्लिट लॅम्प ठरवतो, आरसा नाही. लांब मुदतीच्या स्टिरॉइडने मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्याचा दाब वाढतो, ही भीती खरी आहे. म्हणून दर भेटीत दाब मोजून घ्या. आणि म्हणूनच वर्षाला तीन-चार खेपा थेंबांवर काढणं हा काही स्वस्त, निर्धोक मार्ग नाही. ‘फक्त थेंब’ म्हणजे साधा उपाय, हे तुमचं दुसरं गृहीतक मला मान्य नाही.

त्यामुळे डॉक्टरांनी पुढची पायरी सुचवली त्यात मला घाई दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांतून एखादी खेप आणि थेंबांनी पूर्ण विझणारी, असं असतं तर मीही थांबा म्हटलं असतं. पण पाच खेपा आणि आता पडद्याला सूज. सूज रेटिनाच्या मधोमध आली आणि तिथे राहून गेली, तर गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही. निर्णयाआधी एक मात्र विचारून घ्या: शेवटच्या खेपेत थेंब पूर्ण मुदतीपर्यंत घेतले होते का? नसतील तर ते डॉक्टरांना खरं सांगा. ‘सगळं वेळेवर घेतलं’ असं सांगून पुढचं जड औषध मागे लावून घेणारे मी पाहिलेत. कदाचित डॉक्टर म्हणतील, या खेपेला नीट उतरवून बघू. कदाचित नाही म्हणतील. पण त्यांना खरी माहिती मिळाली पाहिजे.

गोळ्यांमध्ये मेथोट्रेक्सेटचं नाव निघालंय. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. एकदाच! रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवा, कॅलेंडरवर लाल गोल करा आणि घरात आणखी एकाला तो वार माहीत असू द्या. सोबत फॉलिक ॲसिड देतात. असर दिसायला दोन-तीन महिने जातात, तोवर ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. ठरावीक दिवसांनी यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी करावीच लागते. दारू बंद, म्हणजे द्राक्षाचं पुढे जे होतं तेही बंद. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर ते सुरू करण्याआधी सांगा.

इंजेक्शन म्हणजे अडॅलिमुमॅब. साधारण दर दोन आठवड्यांनी पोटाच्या कातडीखाली स्वतःच टोचायचं. टीएनएफ नावाचं, आग भडकवणारं एकच द्रव्य ते पकडून ठेवतं. डोळ्याच्या मधल्या आणि मागच्या भागातल्या युव्हिआयटिससाठी अमेरिका आणि युरोपात त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. कंबरेच्या सांध्यांच्या आजारात ते त्याआधीपासून दिलं जातं आणि तिथे डोळ्याच्या खेपाही कमी होतात असा अनुभव आहे. भारतीय कंपन्यांची आवृत्ती २०१४ च्या अखेरीपासून मिळते, त्यामुळे पूर्वीइतकं ते आवाक्याबाहेर नाही. तरी महागच. विमा, सरकारी योजना याबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवकांना आधी विचारा. हे इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. तुमच्याकडे रात्री वीज जाते ती किती वेळ, हे डॉक्टरांना सांगा. त्यांना निफाडची वीज माहीत नसते.

‘दाबली तर उद्या काही आलं तर?’ ही भीती मी हलकी लेखत नाही. आपल्या देशात तिचं पहिलं नाव टीबी. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात. प्रतिकारशक्तीने त्यांच्याभोवती कुंपण घातलेलं असतं. ते कुंपण शाबूत ठेवायला हेच टीएनएफ लागतं. म्हणून इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची त्वचेची किंवा रक्ताची तपासणी झालीच पाहिजे, हिपॅटायटिस बीचीही. झोपलेला टीबी सापडला तर आधी त्याचं औषध देतात. शिवाय टीबी स्वतःच युव्हिआयटिस करू शकतो, नागीण करू शकते, सिफिलिस करू शकतो. बी२७ पॉझिटिव्ह आहे म्हणून बाकीचं बघायचं नाही असं होत नाही. ‘जंतूंच्या तपासण्या कोणकोणत्या झाल्या?’ हा प्रश्न कागदावर लिहून न्या.

पण ‘दाबणं’ या शब्दाने तुमच्या डोळ्यासमोर मेनस्विच बंद केल्याचं चित्र उभं राहिलंय, ते काढून टाका. ही औषधं घेणारी माणसं शेती करतात, लग्नाला जातात, छाटणी करतात. काळजी घ्यावी लागते: कात्री लागली तर जखम लगेच धुवायची, दोन आठवडे खोकला किंवा संध्याकाळचा ताप राहिला तर अंगावर काढायचा नाही, लस घेण्याआधी विचारायचं, कारण जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत. विडी-सिगारेट असेल तर सोडा. धूम्रपान करणाऱ्यांत युव्हिआयटिस जास्त दिसतो.

काढ्याबद्दल. वहिनी प्रेमाने देतात, त्यांना दुखवून चालणार नाही. पण भडकलेल्या माणसाला आणखी चेतवणारा काढा खरंच ‘प्रतिकारशक्ती वाढवत’ असेल, तर तुम्हाला तो नकोच आहे. वाढवत नसेल, तर कडू का प्यायचं? शिवाय कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. काहींच्या यकृतावर प्रतिकारशक्तीच उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पती नीट ओळखली होती का, असा त्यांचा सवाल होता. तो वाद आपण मिटवू शकत नाही. पण मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर आधीच असतो, त्यात मोजमाप नसलेला काढा ओतणं शहाणपणाचं नाही. वहिनींना सांगा, डॉक्टरांनी रक्ततपासणीसाठी बंद ठेवायला सांगितलंय. खोटं नाही ते.

आता कंबर. ट्रॅक्टरने दुखणारी कंबर दिवसभराच्या कामाने दुखते आणि पडून राहिल्यावर बरी वाटते. तुमची पहाटे आखडते, हिंडा-फिरायला लागलात की तासाभराने मोकळी होते, असं तुम्हीच लिहिलंय. कधी या बाजूचं तर कधी त्या बाजूचं ढुंगण दुखतं का? मध्यरात्रीनंतर दुखण्याने जाग येते का? येत असेल तर बी२७ शी नातं असलेला मणक्याचा संधिवात, स्पाँडिलायटिस, असण्याची बरीच शक्यता आहे. हे नेत्रतज्ज्ञांना सांगितलंय का? बहुतेक नाही, डोळ्याच्या डॉक्टरांना कंबर कोण सांगतं? पण गोळ्या की इंजेक्शन, हा तुमचा निर्णय कदाचित कंबरच करेल. मेथोट्रेक्सेटचा मणक्याला फारसा उपयोग होत नाही, अडॅलिमुमॅबचा दोन्हीकडे होतो. म्हणून काहीही सुरू करण्याआधी संधिवाततज्ज्ञांची एक भेट घ्या आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

तुमच्यासारखी पत्रं आणखी येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. डोळे येतात तेव्हा चिकट पू असतो, सकाळी पापण्या चिकटतात, खुपतं. एकच डोळा, आतून ठणका, उजेड नकोसा, बुबुळाभोवती लाल कडं, नजर धूसर, असं असेल तर मेडिकलमध्ये न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लहान मुलांत सांधेदुखीसोबत होणाऱ्या युव्हिआयटिसमध्ये तर डोळा पांढराशुभ्र राहतो, दुखत नाही आणि नजर गुपचूप जाते. सांधे सुजणाऱ्या मुलाचे डोळे ठरावीक महिन्यांनी तपासलेच पाहिजेत. आणि उन्हाळ्यात डोळे चोळचोळ चोळणाऱ्या मुलांना, ज्यांना ॲलर्जी असते, दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलाला काचबिंदू झालेला पाहणं फार वाईट असतं.

तर तुमचा चुलतभाऊ. त्याला ‘एका दिवसात फरक पडला’ यावर जाऊ नका. स्टिरॉइड कुठलीही लाली खाली बसवतं. पण बागेत पान किंवा काडी डोळ्याला घासून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, आणि शेतकऱ्यांत ती पुष्कळ होते, तर तेच थेंब बुरशीला रान मोकळं करून देतात. वरून डोळा पांढरा दिसतो आणि आत बुबुळ पोखरत जातं. त्याला आजच फोन करा. डोळ्याला काही घासलं होतं का, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो का, ते विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी त्याला उद्या सकाळी पिंपळगावला किंवा नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आपण कोणते थेंब घातले ते तिथे सांगायला लावा. आणि ती बाटली त्याच्याकडून परत घ्या.